गोव्यातली गावकारी वेगळी, महाजनकी वेगळी

लातूर-नांदेडकडचा माणूस गोव्याला जाऊन मंगेशीचं दर्शन घेऊन येतो आणि सांगतो, तिथं गावकरीच देवळाचे मालक असतात. सगळा घोटाळा शब्दांचा. आपल्याकडं गावकरी म्हणजे गावात राहणारा कुणीबी, आणि महाजन म्हणलं की एकतर आडनाव नाहीतर व्याजानं पैसे देणारा, तिकडं दोन्हींचा अर्थ पारच वेगळा.

गावकारी ही जमिनीची भानगड. गाव वसवणाऱ्या घराण्यांची मिळून एक संस्था, त्या घराण्यांना वांगड म्हणतात, आणि शेतं एकट्यादुकट्याची नाहीत तर सगळ्या संस्थेची. खाडीचं खारं पाणी अडवून केलेली खाजन शेती, तिचे बांध, पाणी आत-बाहेर सोडायचं दार म्हणजे मानस, हे सगळं हीच संस्था सांभाळायची. शेतं दर तीन वर्षांनी लिलावात द्यायची, आलेल्या पैशातून सरकारचा सारा आणि बांधाची डागडुजी, आणि उरलं ते गावकारांत, म्हणजे त्या घराण्यांतल्या वारसांत, वाटायचं, त्या वाट्याला जोण म्हणतात. पोर्तुगीजांनी ही रीत मोडली नाही, वसुलीला सोपी होती ना! १५२६ साली तिच्या रूढी लिहून घेतल्या आणि पुढं नाव पडलं कोमुनिदाद.

महाजनकी मात्र देवाची. महाजन म्हणजे देवळाची स्थापना करणाऱ्या घराण्यांतले वारस, देवळाचा कारभार बघणारे, पूजा करणारा भट वेगळा. दोन्ही हक्क बापाकडून पोराला जातात, म्हणूनच लोक गोंधळतात.

मूळात हे दोन्ही बऱ्याच ठिकाणी एकाच घरात होते, फाटलं ते पोर्तुगीजांमुळं. तिसवाडीतली (पणजीच्या आसपासचा तालुका) देवळं १५४० च्या सुमारास पाडली, पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडं गेलं, मग १५६७ मध्ये साष्टीची (मडगावकडचा तालुका) पाळी आली. साष्टीतल्या कुशस्थळीचा म्हणजे आताच्या कुठ्ठाळीचा मंगेश त्याआधीच, १५६० मध्ये, नदीपलीकडं प्रियोळला नेला, तेच आताचं मंगेशी, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. ही तिन्ही ठिकाणं फोंड्यातली, आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत, तिथं पोर्तुगीजांचा हात पोचत नव्हता. देव गेला पण शेत उचलून नेता येत नाही, त्यामुळं मागं राहिलेले बरेच गावकार ख्रिश्चन झाले तरी गावकार ते गावकारच राहिले आणि जोण घेत राहिले. इकडं महाजनांचा देव प्रियोळला असला म्हणून प्रियोळच्या गावकारीत त्यांना आपोआप वाटा मिळाला असं नाही.

आपल्यातलं उदाहरण घ्यायचं तर तुळजापूरच्या भोपे पुजाऱ्यांचा देवीपुढं पिढीजात मान आहे म्हणून गावची शेती त्यांची होत नाही, तसंच काहीसं (भोपे पूजा करतात, महाजन करत नाहीत, एवढा फरक धरून चला).

कायदेसुद्धा निराळे. कोमुनिदादला १९०४ चा आणि मग १९६१ चा कोड, देवळांना १९३३ चा देवस्थान नियम, त्यात मामलेदार देवस्थानांचा प्रशासक. म्हणून गोव्यात कुणी 'मी मंगेशीचा महाजन' म्हणलं तर त्याला लगेच किती एकर असं विचारू नका.