जर्मन ज्यूंनी पहिल्या महायुद्धात अंग चोरलं होतं?

पहिल्या महायुद्धात जर्मनीतले ज्यू आघाडीवर जायचं टाळून मागे सुरक्षित बसले, ही लोणकढी थाप शंभर वर्षं उलटली तरी मरत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जेमतेम साडेपाच लाखांच्या त्या समाजातून सुमारे १ लाख जण सैन्यात गेले आणि त्यातले सुमारे १२ हजार मारले गेले.

मग या अफवेला बळ कुणी दिलं? खुद्द सरकारनं. ऑक्टोबर १९१६मध्ये प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, युद्ध मंत्रालयानं सैन्यातल्या ज्यूंची वेगळी शिरगणती करायचा हुकूम काढला. कारण काय, तर म्हणे तक्रारी आल्यात! खंदकातल्या शिपायाला धर्मावरून वेगळं काढून मोजलं गेलं. आकडे मात्र युद्ध संपेपर्यंत जाहीर झालेच नाहीत; संशय तेवढा मोकाट सुटला. आरोप खरा ठरला असता तर ते छापायला सरकारनं इतका वेळ लावला असता, असं मला तरी वाटत नाही.

१९२०मध्ये ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेनं ‘जर्मन मातांना’ उद्देशून पत्रक काढलं: १२ हजार ज्यू रणांगणावर पडले. आणि हो, १९१८मध्ये हिटलरला पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळावं म्हणून शिफारस करणारा अधिकारी होता ह्यूगो गुटमान, ज्यू लेफ्टनंट. नाझी राजवटीत त्यालाही देश सोडावा लागला.