बाहेरच्या दिव्यासाठी एमसीबी पुरते का? मग आरसीसीबी कशाला?

घरातल्या बोर्डातून वायर ओढून गेटवर किंवा अंगणात दिवा लावायचा म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "एमसीबी आहे ना, मग काळजी कसली?" डीबी (घरातला मुख्य वीजबोर्ड) उघडली तर एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारी) आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारी) शेजारीशेजारी बसलेल्या, दोघींना खटका, दोघी ट्रिप होतात. त्यामुळे घोळ होणारच. ओळखायची सोपी खूण म्हणजे आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं टेस्ट बटण असतं, साध्या एमसीबीवर नसतं.

एमसीबी असते वायरीसाठी. करंट किती वाहतोय एवढंच ती बघते. लोड थोडा जास्त झाला तर आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि काही वेळाने खटका पडतो. शॉर्टसर्किट झालं तर कॉइल क्षणात खटका पाडते. पण तो करंट नेमका कुठे चाललाय, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता पावसात भिजलेल्या दिव्याच्या पत्र्याच्या बॉडीत फेज उतरलाय, अर्थिंग तुटलंय आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून कुणी हात लावला, असं धरा. शरीराचा रोध १५०० ओहम मानला तर २३० व्होल्टला अंगातून साधारण १५० मिलिअँपिअर जातील. जीव जायला तेवढे पुरतात. १० अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. गेटच्या खांबाजवळ वेगळा अर्थिंग रॉड ठोकला म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा रोध २० ओहम असला तरी करंट जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो, आणि तेवढ्यावर ही एमसीबी पडेलच असं नाही.

आरसीसीबी हिशेब ठेवते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? ३० मिलिअँपिअरची तूट आली तर ती ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडते. माणसाच्या बचावासाठी ३० चीच हवी. १०० किंवा ३०० ची मुख्यतः आग टाळण्यासाठी. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही, म्हणून एमसीबी काढून तिथे आरसीसीबी बसवणं चूकच. दोन्ही कामं एकीतच हवी असतील तर आरसीबीओ मिळते. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला, पाय कोरड्या लाकडी स्टुलावर असले, तर गेलेला करंट तेवढाच परत येतो, त्यामुळे आरसीसीबीही वाचवत नाही.

बाहेरच्या दिव्यात दोन भानगडी हमखास होतात. पहिली, फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल हाताशी आला म्हणून दुसऱ्याचा. दोन्ही एकाच आरसीसीबीतून आलेले नसतील तर हिशेब जुळत नाही आणि दिवा लावताक्षणी ती ट्रिप होऊ शकते. मग वैतागून तिलाच बायपास करणारे महाभाग असतात!

दुसरी जास्त फसवी. पावसात दिव्याचं बटण बंद असूनही आरसीसीबी ट्रिप होते. कारण साधं बटण फक्त फेज तोडतं. फिटिंगमध्ये पाणी शिरून न्यूट्रल अर्थला टेकला की घरातल्या फ्रिज-पंख्यांचा परतीचा थोडा करंट तिथून जमिनीत जातो. म्हणून बाहेरच्या लाइनला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच घाला. दिवा भिजला तर तेवढी लाइन बंद करता येते, बाकी घर चालू राहतं. वायर फिटिंगमध्ये खालच्या बाजूने, ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच) लावूनच न्या.