मास्टर्स : गुण शून्य, मान पहिल्या तीनात

स्नूकरची जागतिक क्रमवारी बक्षिसाच्या रकमेवर ठरते; पण 'मास्टर्स' स्पर्धेत कितीही मोठी रक्कम जिंका, त्या क्रमवारीत तिची नोंद होत नाही. तरीही जागतिक अजिंक्यपद आणि यूके चॅम्पियनशिप यांच्यासह या खेळाच्या 'ट्रिपल क्राउन'मध्ये तिचा मान आहे. कारण साधे आहे : इथे क्रमवारीतल्या फक्त पहिल्या 16 जणांना प्रवेश आणि दुबळा प्रतिस्पर्धी नावालाही नाही.

सुरुवात मात्र सिगारेटच्या पैशातून झाली. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या सिगारेट जाहिरातींवर 1965 मध्ये बंदी आली. 1969 पासून बीबीसीने 'पॉट ब्लॅक' कार्यक्रमातून स्नूकर घरोघरी नेले. रंगीत टीव्हीला या रंगीबेरंगी चेंडूंच्या खेळाहून सोयीचा खेळ कुठला? टीव्हीवर नाव झळकवायला तंबाखू कंपन्यांना आयतीच वाट मिळाली. 1975 मध्ये बेन्सन अँड हेजेसच्या प्रायोजकत्वाखाली लंडनच्या वेस्ट सेंटर हॉटेलात 10 खेळाडूंना बोलावून पहिली मास्टर्स झाली. अंतिम सामना 8-8 असा अडला, निर्णायक फ्रेमही (म्हणजे सामन्यातला एक डाव) बरोबरीत सुटली आणि काळा चेंडू पुन्हा मांडून निकाल लावावा लागला. जॉन स्पेन्सरने रे रीअर्डनला 9-8 असे हरवले. (हा खेळ 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असे मानतात; शंभरी नेमकी याच वर्षी भरली.)

1979 मध्ये स्पर्धा वेम्बली कॉन्फरन्स सेंटरला गेली आणि तिथे तिचा स्वभाव घडला. जागतिक स्पर्धेच्या क्रुसिबल थिएटरपेक्षा हे सभागृह कितीतरी मोठे, प्रेक्षकही जास्त गलका करणारे. 1983 पासून खेळाडू 16 झाले. पुढच्याच वर्षी कर्क स्टीव्हन्सने जिमी व्हाइटविरुद्ध उपांत्य फेरीत 147 चा सर्वोच्च ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) केला. सामना मात्र व्हाइटने जिंकला. 1989 ते 1993 अशी सलग पाच विजेतेपदे स्टीफन हेन्ड्रीची. त्यातल्या 1991 च्या अंतिम सामन्यात माइक हॅलेटविरुद्ध तो 0-7 आणि मग 2-8 असा मागे होता, तरी 9-8 ने जिंकला. पाचव्या विजयानंतर करंडक कायमचा त्यालाच देऊन टाकला.

1990 ते 2010 या काळात पहिल्या सोळाबाहेरच्यांसाठी 'वाइल्ड कार्ड'चे दार किलकिले होते. 2007 मध्ये त्याच दारातून आलेल्या चीनच्या डिंग जुनहुईने 147 चा ब्रेक केला आणि थेट अंतिम फेरी गाठली.

2003 मध्ये तंबाखूच्या प्रायोजकत्वावर कायद्याने बंदी आली. 2004 ची मास्टर्स प्रायोजकाविना झाली. बहुधा म्हणूनच त्या वर्षी खेळानेच स्पर्धा तारली असे वाटते : पॉल हंटरने रॉनी ओ'सलिव्हनविरुद्ध 2-7 वरून 10-9 असा विजय खेचून आणला. चार वर्षांतले हे त्याचे तिसरे विजेतेपद, तिन्ही 10-9 ने आणि तिन्ही पिछाडीवरून. 2006 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. 2016 मध्ये करंडकाला त्याचे नाव मिळाले. अनेकांच्या मते दहा वर्षे उशिराच.

2012 पासून मुक्काम अलेक्झांड्रा पॅलेसला. फक्त 2021 मध्ये कोविडमुळे मिल्टन कीन्सला. त्या वर्षीचा विजेता यान बिंगताओ आणि दुसरा चिनी खेळाडू झाओ शिंतोंग यांना 2023 च्या स्पर्धेआधी सामनेनिश्चितीच्या चौकशीत निलंबित केले गेले. त्यांच्या जागी डेव्हिड गिल्बर्ट आणि इराणचा होसेन वफाई यांना बोलावले आणि वफाईने पहिल्याच फेरीत मार्क सेल्बीला घरी पाठवले.