एप्रनच्या खिशातली कॅज्युअल्टी

1960च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूममध्ये ज्याची पाळी असेल तो डॉक्टर उभा राहायचा, मग त्याचा विषय त्वचारोग का असेना. 1968 मध्ये या डॉक्टरांची संघटना झाली, 1970 मध्ये सिनसिनाटीत पहिलं प्रशिक्षण सुरू झालं, 1979 मध्ये स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली. हृदयविकार, विषबाधा, भाजणं, तापातली झटके येणारी मुलं, सगळं एकाच पाळीत. डोस आणि उपचार झटकन सांगणाऱ्या, खिशात मावणाऱ्या पुस्तिका इथे रुजल्या, कारण जाडा ग्रंथ उघडायला वेळच नसतो.

चांगली पुस्तिका ज्ञान देत नाही, हिशेब वाचवते. 1980च्या दशकात जेम्स ब्रोसलो यांनी आणलेली रंगीत पट्टी त्याचा उत्तम नमुना: मूल सरळ झोपवायचं, पट्टीचं लाल टोक डोक्याशी, टाचेपाशी जो रंग येईल तो उंचीवरून वजनाचा अंदाज देतो, त्यातले डोस वापरायचे. मात्र ती अमेरिकी मुलांवर बेतलेली. दहा किलोंपुढच्या आपल्याकडच्या मुलांचं वजन ती जास्त दाखवते.

सगळ्यात घातक हिशेब अॅड्रेनलिनचा, म्हणजे बंद पडलेलं हृदय सुरू करायला देतात त्या औषधाचा. आपल्या अँप्यूलमध्ये (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीत) 1 मिलीत 1 मिग्रॅ. हृदय बंद पडलेल्या मुलाला शिरेतून किलोमागे 0.01 मिग्रॅ, म्हणजे 12 किलोच्या मुलाला 0.12 मिग्रॅ. अँप्यूलमध्ये 9 मिली सलाइन मिसळलं तर त्यातले 1.2 मिली. मिसळायचं राहिलं आणि तेवढेच मिली गेले, तर दहापट डोस. ‘1:1000’ (मिलीत 1 मिग्रॅ) आणि ‘1:10,000’ (मिलीत 0.1 मिग्रॅ) या लेबलांनी असे घोटाळे इतके झाले, की अमेरिकेत 2016 पासून ती गुणोत्तरं काढून सरळ मिग्रॅ-मिली लिहितात. पुस्तिकेतही तेच हवं.

दुसरा धोका जुन्या आवृत्तीचा. 2005 मध्ये मोठ्यांसाठी छाती दाबणं आणि श्वास देणं यांचं प्रमाण 15:2 वरून 30:2 झालं. 2010 मध्ये क्रम बदलून छाती दाबणं आधी आलं आणि हृदय पूर्ण थांबलेलं असताना अॅट्रोपिन (ठोके वाढवणारं औषध) नेमाने देणं सुटलं. पुढे पुस्तिका मोबाइलवर गेल्या. अद्ययावत ठेवणं सोपं झालं, पण रक्ताळलेल्या हातमोज्यांनी स्क्रीन उघडत नाही.

भारतात या शाखेला 2009 मध्ये मान्यता मिळाली, पुस्तिका मात्र परदेशीच हाती आल्या. त्यांत अमेरिकेतला विषारी साप रॅटलस्नेक सापडतो, कोकणातला लाल विंचू नाही. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम तोंडाने, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम. ते 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सापाचंही तसंच. विष चढल्याची लक्षणं असतील तर प्रतिविषाच्या पहिल्या 8 ते 10 व्हायल (बाटल्या), मूल असो वा मोठा, सारख्याच. सापाने विष मुलाला कमी टोचलेलं नसतं. रक्त गोठतं का हे पाहायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि प्रतिविष विनाकारण जातं.