ट्रिप्टोफॅन: ज्वारी, मन आणि रोगप्रतिकारशक्ती

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी १९०१ साली दुधातल्या केसीन या प्रथिनामधून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) वेगळं केलं. पुढे १९०६ मध्ये हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झाइन दिलं. त्यात ट्रिप्टोफॅन नसतं. उंदीर मेले, ट्रिप्टोफॅन वरून घातल्यावर जास्त दिवस तगले. शरीर हे अमिनो आम्ल बनवू शकत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं.

आपला संबंध येतो ज्वारीपाशी. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब आणि बिघडलेलं मन, ही पेलाग्राची लक्षणं. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व (बी३) तयार करतं. दोन्ही कमी पडली की हा आजार जडतो. तो मका खाणाऱ्यांचा मानला जाई. मग दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना तो का व्हावा? हैदराबादेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीत भरपूर असलेल्या ल्युसीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर बोट ठेवलं. त्यावर वाद झाले, ते पूर्ण मिटले नाहीत. (भाकरीला लगेच आरोपी करू नका, सोबत डाळ-दूध असलं की चित्र बदलतं.) तरी त्यांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो: एक आम्ल दुसऱ्याच्या आड येतं का?

मेंदूच्या वेशीवर तरी येतं. एमआयटीत फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर दाखवलं, की मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला ल्युसीनसारख्या आम्लांशी स्पर्धा करावी लागते. मनःस्थितीशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन मेंदू ट्रिप्टोफॅनपासूनच बनवतो; म्हणून नुसती प्रथिनं वाढवल्यानं ते वाढेलच असं नाही. प्रथिन पावडरच्या जाहिराती हे सांगत नाहीत.

रोगप्रतिकारशक्तीचा धागा वेगळाच निघाला. क्योटोत ओसामू हायाइशी यांच्या प्रयोगशाळेत ट्रिप्टोफॅन तोडणारं आयडीओ हे विकर (एन्झाइम) सापडलं. संसर्ग झाला की इंटरफेरॉन हे शरीराचं संरक्षक प्रथिन त्या विकराला जागं करतं आणि जंतूंची रसद तुटते. १९९८ मध्ये डेव्हिड मन आणि अँड्र्यू मेलर या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरांत हे विकर रोखलं, तेव्हा आईच्या टी-पेशींनी (रोगप्रतिकारक पेशींनी) बापाच्या जनुकांमुळे परके ठरणारे गर्भ नाकारले.

मन आणि रोगप्रतिकारशक्ती हे दोन्ही धागे रुग्णालयात एकत्र आले. औषध म्हणून इंटरफेरॉन-अल्फा घेणाऱ्या अनेक रुग्णांना नैराश्य येई, आणि त्यांच्या रक्तातलं ट्रिप्टोफॅनही उतरलेलं असे. निरोगी माणसांचं ट्रिप्टोफॅन प्रयोगात मुद्दाम उतरवलं, तर बहुतेकांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही; नैराश्यातून उठलेल्यांपैकी काहींना मात्र ते पुन्हा गाठतं.