पार्श्वभूमी : पुरुषांनी घडवलेली ‘कुलीन स्त्री’

मालिकेतली सोज्वळ सून कशी लाजते, पदर कसा सावरते, सासूसमोर मान किती झुकवते, हे सगळे इतके ठरलेले आहे की ते बायकांच्या अंगचेच वाटावे. मराठीपुरता याचा माग काढत मागे गेले की आपण एका अशा रंगमंचापाशी पोचतो, जिथे बाई नव्हतीच.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून स्त्रीपार्ट पुरुषांकडे होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची लाट आली, तरी ती पद्धत बदलली नाही. उलट गोड गळ्याचा, नाजूक चणीचा मुलगा हे नाटक मंडळीचे भांडवल झाले. भाऊराव कोल्हटकर असेच बडोद्याहून किर्लोस्करांकडे आले आणि त्यांच्या सुभद्रेने प्रेक्षकांना वेड लावले.

‘तेव्हा बायका मिळत नव्हत्या’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका होत्या. तमाशाच्या फडात आधी मुलेच ‘नाच्या’ म्हणून उभी राहत, पण पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभी राहिली आणि लोक तिच्यासाठी गर्दी करू लागले. कलावंतिणींच्या घरांत तर पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम होती. फक्त या बायका पांढरपेशा प्रेक्षकाला शकुंतला म्हणून चालणाऱ्या नव्हत्या, आणि ज्या घरच्या बायका चालल्या असत्या त्यांना घराचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. जातीने आणि अब्रूने अशी दोन्हीकडून कोंडी केली. मधली जागा पुरुषांनी भरली.

ती भरली कशी, हे बालगंधर्वांकडे पाहून कळते. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी : भरजरी शालू, खरे दागिने, अत्तरे, आणि तो आवाज. प्रेक्षकांत बायकाही असत, आणि त्यांची नजर नटाच्या पेहरावावर असे. बालगंधर्वांची नऊवारी नेसण्याची पद्धत, केसांत फुले माळण्याची ढब चांगल्या घरातल्या बायकांनी उचलली, असे त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे बाईने बाईसारखे कसे दिसावे, हे ती एका पुरुषाकडून शिकत होती. यात बालगंधर्वांच्या प्रतिभेला उणेपणा येत नाही. त्यांच्या गाण्यापुढे आजही बोलायची सोय नाही. पण त्यांची स्त्री पुरुषाने लिहिलेली, पुरुषाने गायलेली आणि बहुतांशी पुरुषांनीच वाखाणलेली होती, हे विसरून चालत नाही.

ती नुसती नटवी नव्हती, सोशिकही होती. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. शालूंसाठी ओळखले जाणारे बालगंधर्व त्यात ठिगळांच्या लुगड्यात आले. दारुड्या नवऱ्याला अखेरपर्यंत न सोडणारी त्यांची सिंधू पाहून थिएटर रडत असे. नाटक दारूविरुद्ध होते. प्रेक्षकाने मात्र घरी नेली ती पतिव्रता. मला आजच्या मालिकांतल्या बायका याच दोघींच्या लेकी वाटतात. दागिने रुक्मिणीचे, सोसणे सिंधूचे.

सिनेमानेही सुरुवात तिथूनच केली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती व्हायला कोणी बाई तयार होईना. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! मात्र १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, पोटासाठी धडपडणाऱ्या बाईला गमावण्यासारखी अब्रू समाजाने ठेवलेलीच नव्हती, असे थोडे कडवटपणे म्हणता येईल. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. त्यांनी मनोहर स्त्री संगीत मंडळीत पुरुषपार्टही केले. बायकांनीच सगळ्या भूमिका करायच्या अशा या मंडळ्यांची आठवण आपल्या नाट्येतिहासात जेमतेम एखाद्या परिच्छेदापुरती निघते. पुरुषाने केलेल्या बाईवर ग्रंथ आहेत, बाईने केलेल्या पुरुषावर फारसे काही नाही.

मग १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या. नाटकाचा विषयही बघा : शीलाची अपेक्षा फक्त बाईकडूनच का? मूळ नॉर्वेजियन नाटकातला हा प्रश्न, पण तो इथे स्त्रीपार्टी नटाच्या तोंडून आला असता तर कसा वाटला असता, कल्पना करवत नाही. गंधर्व मंडळीत मात्र मालकच नायिका राहिले. गोहरबाई कर्नाटकी तिथे आल्या त्या १९३८ च्या सुमारास.

दरम्यान तारामती परत आली होती. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात ही भूमिका दुर्गा खोट्यांनी केली. साळुंक्यांनंतर १९ वर्षांनी. त्या शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या, आणि नेमके तेच विकले गेले : त्यांच्या आधीच्या एका मूकपटाच्या जाहिरातीत माहेर आणि सासर या दोन्हींचा डंका पिटला होता. बाई आली, पण दोन घराण्यांचा दाखला घेऊन. ज्यांच्याकडे असा दाखला नव्हता, त्या नट्यांकडे लोक पूर्वीच्याच नजरेने बघत राहिले.

प्रभातच्याच ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांता आपट्यांनी फसवून लावलेले जरठ-कुमारी लग्न नाकारणारी नीरा केली. सिंधूच्या वळणाला हा पहिला मोठा धक्का म्हणावा लागेल. पण तो कथेत होता. स्टुडिओच्या कारभारात त्याचा पत्ता नव्हता. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वर्षभराने त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले, आणि या धंद्यात शिरू पाहणाऱ्यांना आत कसे राबवून घेतात ते सांगितले.