मधुमेहाच्या औषधांचे वैद्यकीय संकेतन

रुग्ण मधुमेहासाठी कोणते औषध घेतो, ते त्याने कसे घेतले आणि त्यातून काही अपाय झाला का, ही माहिती डॉक्टरांच्या नोंदींतून वेचून ठराविक संकेतांकांत लिहिण्याची पद्धत म्हणजे मधुमेहाच्या औषधांचे संकेतन, अर्थात कोडिंग. त्याचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेतील आयसीडी-१०-सीएम या वर्गीकरणात आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगांच्या यादीवर बेतलेले हे वर्गीकरण तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. विम्याचे दावे, रोगांची आकडेवारी आणि औषधांच्या सुरक्षिततेचा अभ्यास ही सगळी कामे या संकेतांकांवर चालतात.

या विषयातली मेख एकाच गोष्टीत आहे. समजा, तीन रुग्ण एकाच रात्री तातडीच्या विभागात आले आणि तिघांचीही रक्तशर्करा दर डेसिलिटरला ४० मिलिग्रॅमवर उतरलेली आहे. पहिल्याने रोजचीच गोळी रोजच्याच वेळी घेतली होती. पण मूत्रपिंडे मंदावल्यामुळे औषध शरीरात साचत गेले. दुसऱ्याने सिरिंज भरताना चुकून दहापट इन्सुलिन ओढले. तिसऱ्याने जीव द्यायच्या इराद्याने ते टोचून घेतले. प्रयोगशाळेचा कागद तिघांचा सारखाच असतो आणि पहिल्या तासाचे उपचारही जवळपास सारखेच. संकेतांक मात्र तिघांचे वेगळे. साखर किती उतरली यापेक्षा औषध शरीरात कसे गेले, याला येथे महत्त्व आहे.

त्यासाठीचे मूळ घर, म्हणजे संकेतांकांचा गट, टी३८.३. इन्सुलिन आणि साखर उतरवणारी तोंडावाटेची औषधे यांची विषबाधा, दुष्परिणाम व अपुरी मात्रा, असे त्याचे शीर्षक आहे. पाचव्या जागी एक्स हे अक्षर नुसती जागा अडवण्यासाठी बसवलेले असते. त्याला स्वतःचा अर्थ नाही. खरी गोष्ट सहाव्या जागी कळते. तेथे १ म्हणजे अपघाताने झालेली विषबाधा, २ म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या हेतूने, ३ म्हणजे दुसऱ्याने केलेला घातपात, ४ म्हणजे हेतू ठरवता न आलेला, ५ म्हणजे योग्य रीतीने घेतलेल्या औषधाचा दुष्परिणाम आणि ६ म्हणजे अपुरी मात्रा. सातव्या जागी ए, डी किंवा एस येते. यातल्या ए चे अधिकृत नाव ‘पहिली भेट’ असे असल्याने नवखे कोडर फसतात. प्रत्यक्षात त्या अपायावर सक्रिय उपचार चालू आहेत तोवर, डॉक्टर बदलले तरी, ए च द्यायचे असते. त्यानंतरच्या देखरेखीसाठी डी आणि मागे राहिलेल्या परिणामांसाठी एस. अशा रीतीने चुकून जास्त घेतलेल्या इन्सुलिनचा पूर्ण संकेतांक टी३८.३एक्स१ए असा होतो.

संकेतांक कोणता, याइतकाच त्यांचा क्रमही नियमाने बांधलेला आहे. दुष्परिणाम असेल तर आधी जे झाले ते लिहायचे आणि मग औषध: टाइप २ मधुमेह्याची साखर बेशुद्धी न येता उतरली, तर ई११.६४९ आणि त्यापाठोपाठ टी३८.३एक्स५ए. विषबाधेत क्रम उलटतो. टी३८.३ चा संकेतांक डोक्यावर आणि ई११.६४९ त्याच्याखाली. बेशुद्धी आली असेल तर ई११.६४९ च्या जागी ई११.६४१. हेतूविषयी नोंदीत काहीच नसेल तर घटना अपघाती धरतात. ‘ठरवता न आलेला’ हा पर्याय, हेतू कळू शकत नाही असे डॉक्टरांनी स्वतः लिहिले असेल तरच वापरायचा. कोडरला स्वतःला उलगडा झाला नाही म्हणून नव्हे.

विषबाधा या शब्दाचा येथला अर्थ बोलीतल्या अर्थाहून बराच रुंद आहे. चुकीचे औषध, चुकीची मात्रा, दुसऱ्याचे औषध, चुकीच्या मार्गाने दिलेले औषध हे सारे त्यात मोडते, मग चूक रुग्णाची असो की परिचारिकेची. आणखी एक नियम पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी बरोबर घेतली, पण सोबत न सांगितलेले दुसरे औषध आपल्या मनाने घेतले आणि दोहोंच्या आंतरक्रियेतून त्रास झाला, तर ती विषबाधाच मानली जाते. त्यामागचा विचार सरळ आहे. दुष्परिणाम हा शिक्का सगळे काही सांगितल्याबरहुकूम झाले असेल तेव्हाच मिळतो.

मधुमेह नसलेल्या माणसाच्या शरीरात हे औषध गेले तर ई११ चा, म्हणजे टाइप २ मधुमेहाच्या संकेतांकाचा, प्रश्नच येत नाही. लहान मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांची सल्फोनिलयुरिया या साखर उतरवणाऱ्या गटातली गोळी गिळली, तर टी३८.३एक्स१ए नंतर ई१६.०, म्हणजे औषधाने साखर उतरणे, असे लिहितात. मूल बेशुद्ध असेल तर ई१५. या वयात एखादी गोळीही धोक्याची ठरते आणि तिचा परिणाम उशिरा दिसू शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून साखर उतरण्याच्या तीव्रतेसाठी ई१६.ए१, ई१६.ए२ आणि ई१६.ए३ असे जोडसंकेतांक आले. पहिल्या पातळीत रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली पण ५४ च्या खाली नाही, दुसऱ्या पातळीत ५४ च्याही खाली. तिसरी पातळी आकड्यावर ठरत नाही. माणूस इतका गोंधळला किंवा गळाला की दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरू शकला नाही, ही तिची खूण.

अपुरी मात्रा हा प्रकार जुन्या आयसीडी-९-सीएम मध्ये नव्हताच. औषध जास्त झाले तर नोंदायला जागा होती, कमी पडले तर नव्हती. याचे फार नवल वाटायला नको. ही सारी परंपरा १८९३ साली स्वीकारल्या गेलेल्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्टिलाँ यांच्या मृत्यूकारणांच्या यादीतून वाढलेली आहे, आणि न घेतलेले औषध मृत्यूच्या दाखल्यावर सहसा दिसत नाही. मधुमेहात मात्र न घेतलेले औषध हेच दवाखान्यात येण्याचे मोठे कारण असते. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन बंद केले की कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ले साचण्याची अवस्था, ओढवते. तेव्हा आधी ई१०.१० आणि मग टी३८.३एक्स६ए असे लिहितात. अपुऱ्या मात्रेचा संकेतांक पहिल्या जागी कधीच येत नाही. स्वतःच्या मनाने औषध पुरते सोडून देणे हेही अपुऱ्या मात्रेतच धरले जाते.

त्यापुढे ‘का?’ याचे उत्तर देणारा संकेतांक जोडता येतो, आणि माझ्या मते साऱ्या यादीतला हा सर्वांत बोलका भाग आहे. झेड९१.१२० म्हणजे पैशांच्या अडचणीमुळे जाणूनबुजून कमी घेतलेले औषध. झेड९१.१२८ म्हणजे जाणूनबुजून, पण दुसऱ्या कारणाने. झेड९१.१३० म्हणजे वार्धक्याच्या दुबळेपणामुळे नकळत राहून गेलेले. रुग्णालयातच मात्रा द्यायची राहिली असेल तर वाय६३.६. अमेरिकेत इन्सुलिन पुरवून पुरवून वापरणारे रुग्ण हा जाहीर चर्चेचा विषय राहिला आहे. १ जानेवारी २०२३ पासून मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या औषध योजनेत इन्सुलिनसाठी रुग्णाने भरायची रक्कम महिन्याला ३५ डॉलरवर रोखावी लागली. झेड९१.१२० नोंदवला नाही तर असा रुग्ण आकडेवारीत नुसता ‘बेफिकीर’ म्हणून उरतो.

इन्सुलिन पंपाचे प्रकरण स्वतंत्र आहे. पंप बिघडून इन्सुलिन कमी गेले, तर आधी यंत्राच्या बिघाडाचा संकेतांक, जसे टी८५.६१४, आणि मग टी३८.३एक्स६. पंपाने जास्त सोडले तरी यंत्र पहिलेच, फक्त पुढे टी३८.३एक्स१ येते. येथे विषबाधेचा ‘आधी विष’ हा नियम बाजूला पडतो.

काहीही अपाय झालेला नसताना, रुग्ण कशावर आहे एवढेच सांगण्यासाठी झेड७९ चे गट आहेत. झेड७९.४ दीर्घकालीन इन्सुलिनसाठी. झेड७९.८४ तोंडावाटेच्या औषधांसाठी. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. झेड७९.८५ इन्सुलिनखेरीज इतर इंजेक्शनांसाठी, ऑक्टोबर २०२२ पासून. रुग्ण गोळ्या आणि इन्सुलिन दोन्हींवर असेल तर पूर्वी फक्त इन्सुलिन नोंदवत. आता दोन्ही नोंदवतात. शस्त्रक्रियेच्या किंवा जंतुसंसर्गाच्या काळात साखर आटोक्यात आणण्यासाठी चार दिवस इन्सुलिन दिले, तर टाइप २ च्या रुग्णाला झेड७९.४ द्यायचा नाही. ही चूक वारंवार होते. दुसरी तितकीच जुनी चूक म्हणजे इन्सुलिनवर आहे म्हणून टाइप १ समजणे. नोंदीत प्रकार लिहिलेलाच नसेल तर नियमाने ई११, म्हणजे टाइप २, धरायचा आणि झेड७९.४ जोडायचा. टाइप १ मध्ये इन्सुलिन गृहीतच असल्याने तेथे तो वेगळा मागितलेला नाही.

दुष्परिणाम म्हणजे फक्त साखर उतरणे नव्हे. मेटफॉर्मिन या गोळीने जुलाब होतात, दीर्घकाळ घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व घटते आणि क्वचित लॅक्टिक अॅसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचणे, होतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-२ गटातल्या औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये कीटोअॅसिडोसिसचा इशारा दिला. यात रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही आम्ले साचतात, त्यामुळे निदान हुकण्याची भीती असते. नोंद ई११.१० आणि टी३८.३एक्स५ए अशी होते. ई११.१० हा संकेतांकच १ ऑक्टोबर २०१७ रोजी आला. त्याआधी टाइप २ च्या घरात कीटोअॅसिडोसिसला जागाच ठेवलेली नव्हती.

उलट, साखर चढली म्हणजे दोष मधुमेहाच्या औषधाचाच असेल असे नाही. मधुमेह्याला दम्यासाठी स्टेरॉइड दिले आणि साखर वाढली, तर ई११.६५ सोबत टी३८.०एक्स५ए येतो, कारण अपाय स्टेरॉइडचा आहे. स्टेरॉइडमुळे मुळातच मधुमेह जडला असेल तर ई०९ चे घर उघडते.

हे सारे डॉक्टरांच्या लिखाणावर अवलंबून असते. ‘औषधे नीट घेत नाही’ हा शेरा कोडरच्या काहीच कामाचा नाही. जास्त घेतली, कमी घेतली, की भलत्या वेळी घेतली? अंदाजाने भरायची कोडरला मुभा नाही, म्हणून तो डॉक्टरांना लेखी विचारणा करतो. त्या विचारणेतही उत्तर सुचवायचे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये मांडणी निराळी आहे. तेथे टी३८.३ केवळ विषबाधेचा, दुष्परिणामासाठी वाय४२.३, आणि हेतू सांगायला एक्स४४ किंवा एक्स६४ असे वेगळे संकेतांक. अमेरिकेने औषध व हेतू एकाच संकेतांकात कोंबले. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ ने पुन्हा सुटे तुकडे जोडण्याची वाट धरली आहे: झालेला अपाय, त्याचे कारण आणि तो कसा घडला, या तिन्हींचे संकेतांक एकत्र गुंफायचे. टाइप १ तेथे ५ए१०, टाइप २ ५ए११ आणि मधुमेहात साखर उतरणे ५ए२१.

आयसीडी-१०-सीएम दरवर्षी १ ऑक्टोबरला सुधारले जाते. २०२२ पासून १ एप्रिललाही बदल येऊ लागले. दाखल झालेल्या रुग्णासाठी, त्याला घरी सोडले त्या दिवशी लागू असलेली यादी वापरतात. सप्टेंबरअखेर दाखल होऊन ऑक्टोबरात सुटलेला रुग्ण त्यामुळे नव्या यादीत मोजला जातो.